नागफणी मराठीत बोलली

फाल्गुन सरत आला की आमच्या ईट गावात ओट्याओट्यावर बायका चिंचा फोडायला बसतात. खाली पोतं अंथरलेलं, पुढ्यात चपटा दगड, हातात लाकडी मोगरी. एकीकडे टरफलांचा ढीग, दुसरीकडे चिंचोक्यांचा. दुपारच्या उन्हात तो आंबट वास इतका दाट होतो की गल्लीतनं चालताना जीभ आपोआप ओली होते. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. परवा परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून घरी येताना कोपऱ्यावरच्या काकूंनी हाक मारून ओंजळभर गाभुळलेल्या चिंचा हातात दिल्या. मी हसून घेतल्या, आणि चार पावलं चालल्यावर पर्सच्या तळाशी टाकून दिल्या. गेल्या सालीही असंच केलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या चिंचांच्या हंगामात आमच्या घरात जे झालं, ते या वासाला चिकटून बसलंय.

त्या साली माझी धाकटी बहीण टीव्हीवर कुस्ती खेळत होती.

तशी ती कुस्ती नव्हेच. दोरखंड बांधलेला चौकोन, धूर, रंगीत झोत, आरडाओरडा. पैलवानांना नावं दिलेली, प्रत्येकाचा कुणीतरी हाडवैरी ठरवून दिलेला. कोण जिंकणार ते आधी लिहिलेलं. माझी बहीण रेणुका, आमची रेणू, तिथं नागफणी होती. काळा पोशाख, डोळ्यांभोवती हिरवा रंग, लोकांना शिव्या घालत यायचं आणि लोकांनी तिला शिव्या घालायच्या, हेच तिचं काम. तिची वैरीण राजकुमारी, पांढऱ्या कपड्यांतली. पाच-सहा महिने त्या दोघींचं भांडण पेटवत आणलं होतं. कधी नागफणीनं राजकुमारीचा मुकुट पायाखाली तुडवला, कधी राजकुमारीनं तिच्या तोंडावर पाणी फेकलं. आणि खरं म्हणाल तर दोघी पुण्यात एकाच खोलीत राहायच्या. रेणूची वेणी राजकुमारीच घालून द्यायची.

हे मी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कितीदा सांगितलं. त्यांना ते पटायचं नाही.

"वेणी घालती आन् मग अशी आपटती व्हय? तू लई साधी हाईस बाई," त्या म्हणायच्या.

माझी नणंद शीतल मात्र तो खेळ वेगळ्या नजरेनं बघायची. शीतल स्वतः पैलवान. गावात मुलींची तालीम चालवते. पत्र्याच्या शेडमध्ये लाल मातीचा हौद आहे, सकाळ-संध्याकाळ पंधरावीस मुली येतात. टीव्हीवर रेणू पडली की शीतल म्हणायची, "वहिनी, पडायचं नाटक असलं तरी पडणं खरंच असतंय. खाली फळ्या असत्यात. बघा, खांद्यावर आली ती." मी नुसती हं म्हणायचे. कुस्तीतलं मला लहानपणापासून कळत नाही.

खरं तर कळायला हवं होतं. माझे वडील, आण्णा, वस्ताद. आमच्या भागातल्या वाशीपासून जवळच माझं माहेरचं गाव, आणि गावातली तालीम म्हणजे आण्णाच. मुलगा नव्हता, आम्ही दोघी. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती फावड्यानं उकरायची, हे काम आमच्याकडे. त्या मातीचा वास मला आवडायचा, पण अंगाला लागली की मी रडायचे. रेणू तीच माती मुठीमुठीनं अंगावर घ्यायची. आण्णांनी तिला मुलांत उतरवलं तेव्हा गावात कुजबूज झाली. दोन वर्षांत कुजबूज थांबली, कारण मुलं तिच्याशी जोड लावायला कचरायला लागली. जत्राजत्रांत आण्णा तिला घेऊन जायचे. परत येताना ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली असायची आणि आण्णा उगाच जागे राहून तिच्या डोक्याला खिडकीचा दणका बसू नये म्हणून हात मधे धरायचे. हे मला आईनं सांगितलेलं.

मग ईटच्या जत्रेतली ती कुस्ती. माझ्या लग्नाची बोलणी तेव्हा याच घराशी चालली होती, आणि जत्रा कमिटीनं मुलींची जोड लावली ती नेमकी रेणू आणि शीतल. मी गेले नव्हते. जिथं सोयरीक व्हायची त्या गावच्या जत्रेत नवऱ्यामुलीनं कसं जायचं. मी घरी होते. दिवेलागणीला दोघं परत आले. आण्णांनी पायताणं काढली, हातपाय धुतले आणि म्हणाले, "पाठ लागली पोरीची. हुतं असं." रेणू अंगावरची माती न धुता भिंतीकडं तोंड करून पडली. आईनं ताट केलं, ते तसंच राहिलं.

त्यानंतर रेणू हौदात उतरली नाही. कुणी म्हणालं हार मनाला लागली, कुणी म्हणालं पोरीची जात, कुठवर खेळणार. पंधरवड्यात माझी सुपारी फुटली. लग्नात रेणूनं माझी पाठराखीण म्हणून सगळं केलं, हसली, नाचली. नंतर ती पुण्याला नोकरीला गेली, आणि तिथून या झगमगीत. एकदा फोनवर म्हणाली, "अक्का, हितं कोण पडायचं ते आदीच सांगत्यात. बरं असतंय. डोक्याला ताप न्हाय." मी हसले होते.

नागफणी आणि राजकुमारीचा मोठा खेळ एका रविवारी संध्याकाळी होता. त्या एका खेळापुरते पैसे भरले तरच तो दिसायचा. माझ्या नवऱ्यानं, महेशनं, दुपारीच फोनवरून ते उरकलं आणि मोठा टीव्ही ओट्याकडच्या खोलीत आणून लावला. आण्णांना मुद्दाम बोलावलं होतं. ते एसटीनं आले, हातात बांधावरच्या चिंचांची पिशवी. आई गुडघेदुखीनं आली नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, नुकतीच पूजा आटोपून कपाळावर ताजी विभूती लावून खुर्चीत बसले. वस्तादांना त्यांनी आग्रहानं शेजारी बसवलं. आत्याबाई, महेश, शीतल खाली सतरंजीवर. मी चहा घेऊन आले आणि दाराला टेकून उभी राहिले. समोरच्या शोकेसमध्ये शीतलची गदा होती, त्या जत्रेत मिळालेली, दर सणाला चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेली.

धुरातनं नागफणी आली. लोकांनी हुर्यो केली. आत्याबाईंनी लोकांनाच शिव्या दिल्या. रेणूनं माइक हातात घेतला, नेहमीसारखी हिंदीत गरजायला लागली. तुम्ही पैसे मोजून मला हरताना बघायला आलात, असं काहीतरी. मग राजकुमारी आली, समोर उभी राहिली आणि तिनं हिंदीतच विचारलं, "नागफणी, तू आयुष्यात कधी खरंच हरली आहेस का?"

रेणूनं तोंड उघडलं आणि मिटलं. झोत तिच्या तोंडावर होता. हिरव्या रंगाच्या आतले डोळे माझ्या बहिणीचे आहेत, हे मला पहिल्यांदा दिसलं.

मग ती मराठीत बोलली.

"एकदा हरले. ती बी खोटी. ईटच्या जत्रेत. म्या तिला धरली हुती, आता पाडणार, आन् बघितलं तर आण्णा हौदाच्या कडंला पटका सोडून परत बांधाय लागलं. तालमीत ती आमची खूण हुती. सोडून दे. म्या सोडलं. म्या माती बघत पडले न्हाय, आभाळ बघत पडले. माझ्या अक्काची सोयरीक व्हायची हुती त्या घरात. त्यांच्या पोरीची पाठ कशी लावायची?"

टीव्हीतल्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या वाजल्या. त्यांना ते फार आवडलं होतं.

आमच्या खोलीत कुणी हललं नाही. माझ्या हातात ट्रे होता. चहा कुणाला द्यायचा राहूनच गेला होता. तिकडं कुस्ती सुरू झाली होती, राजकुमारीनं रेणूला उचलून दोरखंडावरून खाली फेकलं, ती डाव्या खांद्यावर आपटली, आणि ते आम्ही कुणीच बघत नव्हतो.

महेशनं टीव्ही बंद केला.

मामंजी हळू आवाजात म्हणाले, "वस्ताद, आमी असं कधी म्हणलं हुतं का तुमाला?"

"न्हाय," आण्णा म्हणाले. "तुमी न्हाय म्हणलं. म्याच ठरवलं."

"आवो, पर कशापायी?"

आण्णांनी मान खाली घातली. ते जमिनीकडं बघत होते. आण्णांना मी तोवर कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. जत्रेत कुस्त्या ठरवून लढतात, त्याला आमच्याकडं नुरा म्हणतात. नुरा खेळणाऱ्या पैलवानाला आण्णांनी एकदा भर गर्दीतून हौदाबाहेर काढलेलं सगळ्या वाशी भागाला ठाऊक होतं. तेच आण्णा.

शीतल उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"वस्ताद, एकच सांगा. तिनं सोडलं नसतं तर?"

"पोरी, कशाला आता."

"सांगा."

आण्णांना खोटं बोलता आलं असतं. सगळ्या खोलीला ते हवं होतं, मलाही. पण कुस्तीबद्दल विचारलं की त्यांना खोटं बोलता येत नसावं. म्हणाले, "ढाकेचा डाव लावून पाडली असती तिनं तुला. तुझा डावा पाय मोकळा राहायचा. आता न्हाय राहत. तवा राहायचा."

शीतलनं मान हलवली. शोकेस उघडून तिनं गदा काढली आणि मागच्या खोलीत घेऊन गेली. कुदळी-फावड्यांत ती टाकल्याचा आवाज आला. त्या आवाजानं आत्याबाई रडायला लागल्या. महेश आण्णांना मोटारसायकलवर सोडायला गेला. चिंचांची पिशवी खुर्चीखालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शाळेत गेले तर सहकारी शिक्षक म्हणाले, "मॅडम, तुमच्या बहिणीनं काय काम केलं. आपल्या ईटचं नाव घेतलं. लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आणलं." किराणा दुकानात तेच, गल्लीत तेच. ती कुस्ती गावानं पाहिलेली, तरी कुणाच्याही मनात आलं नाही की ते खरं असेल. खोट्याच्या चौकोनात उभं राहून तिनं ते सांगितलं होतं, म्हणून ते सगळ्यांना खोटं वाटलं. मी व्हय व्हय म्हणत होते. जो तो माझ्या घरातली सगळ्यांत मोठी गोष्ट माझ्यासमोर बोलत होता आणि कुणाला काही माहीत नव्हतं. या गोष्टीनं मला त्या संध्याकाळपेक्षाही जास्त हादरवलं असं आज वाटतं.

रेणूला फोन लावला.

"ते तुला लिहून दिलेलं होतं का?" मी विचारलं.

"तिचा सवाल लिहिलेला हुता. माझं उत्तर बी लिहिलेलं हुतं. 'कधीच नाही' म्हणायचं आन् तिला ढकलायचं. तोंडातनं निघंना, अक्का. लई जोर लावला. मग दुसरंच निघालं."

"माझं लग्न होतं ते, रेणू. मला सांगायचं होतंस की तेव्हा."

"सांगितलं असतं तर तू लगीन मोडलं असतंस."

मी मोडलं असतं का? रोज सकाळी या घरात चूल, म्हणजे गॅस, पेटवताना तो प्रश्न यायचा. भिंती, तुळस, मामंजींची पूजेची घंटा, शेजारी झोपलेला महेश, सगळं जागच्या जागी होतं आणि सगळ्याच्या खाली माझी बहीण उताणी पडलेली होती. महेश एकदा म्हणाला, "आपलं लग्न काय त्या कुस्तीवर झालंय का?" तो चांगला माणूस आहे, त्यानं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मी म्हणाले, "थोडं झालंय." त्यानं वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी मी माहेरी गेले. आण्णा परसात चिंचा फोडत बसले होते. एरवी हे काम आईचं. त्यांच्या जाडजूड बोटांतून चिंचोके घरंगळत होते. मी शेजारी बसून शिरा काढायला लागले.

मग तेच म्हणाले, "एका कुस्तीनं काय हुतंय, असं वाटलं. अजून पन्नास खेळंल, म्हणलं. तुला चांगलं घर मिळत हुतं. ती पुन्यांदा मातीत उतरणारच न्हाय, हे ध्यानात आलं न्हाय माझ्या."

"तिला विचारायचं होतं, आण्णा."

"व्हय." मोगरी त्यांच्या हातात तशीच राहिली. "तिनं ऐकलं म्हणून पडली ती. दुसऱ्या कुणाचं ऐकली नसती."

रेणू गुढीपाडव्याच्या आधी आली. खांदा दुखावल्यामुळं कंपनीनं तिला विश्रांती दिली होती. आई-आण्णांकडं दोन दिवस राहिली. तिथं काय झालं मी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली की एका संध्याकाळी आण्णा आणि रेणू तालमीच्या पायरीवर बसले होते आणि आत कुणालाच जाऊ दिलं नव्हतं. मग ती ईटला आमच्याकडं आली. शीतल त्या रविवारपासून तिच्याशी बोलली नव्हती, फोनवरही नाही. जेवताना दोघी ताटाकडं बघत होत्या. आत्याबाई उगाच वाढत होत्या.

भाताच्या वेळी शीतल म्हणाली, "सकाळी तालमीत येशील का?"

"यीन," रेणू म्हणाली.

"खरी."

"खरीच."

मी म्हणाले, "तिचा खांदा दुखतोय, शीतल." दोघींनीही माझ्याकडं पाहिलं नाही.

सकाळी ऊन पत्र्यावर यायच्या आत आम्ही तिघी तिथं होतो. शीतलनं मुलींना सुट्टी दिली होती. हौद नुकताच उकरलेला, ओलसर, त्यातून हळदीचा आणि तेलाचा वास येत होता. दोघींनी वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. रेणूनं मूठभर माती उचलून शीतलच्या खांद्यावर टाकली, शीतलनं तिच्या.

कुस्ती बघायला येणाऱ्यांना दिसतं तसं मला काही दिसलं नाही. मला श्वास ऐकू येत होते. मानेवर पडणारा हाताचा फटका ऐकू येत होता. रेणू जोरात होती. एकदा तिनं शीतलला असं खेचलं की शीतल गुडघ्यावर आली, आणि रेणूच्या तोंडावर मी कितीतरी वर्षांनी तो भाव पाहिला, हौदातनं बाहेर येणाऱ्या त्या लहान पोरीचा. मग शीतल सुटली, पाठीमागून चढली, तिनं रेणूला खाली दाबलं आणि डावा हात धरून पलटायला लागली. तो हात वर येईना. रेणूच्या घशातून एक आवाज निघाला, दाबलेला.

शीतलनं लगेच हात सोडला.

"वस्तादची पोर हाईस, मोडका हात घिऊन उतरलीस व्हय?" ती धापा टाकत म्हणाली. "ऊठ. असं न्हाय जितायचं मला."

तो खांदा नंतर पुण्यात उघडावा लागला. डॉक्टर म्हणाले, किती तरी दिवस आत फाटलेलाच होता, ती रोज त्यावरच पडत होती. आता रेणू तिकडं झगमगीत जात नाही, एका व्यायामशाळेत बायकांना शिकवते. पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी आम्हाला एवढंच दिसत होतं की हात वर येत नाहीये.

रेणू उठली नाही. मातीत पालथीच पडून म्हणाली, "पाड."

"न्हाय."

"पाड म्हणती ना. जत्रंतल्या त्या दिवसापासनं म्या जितक्यांदा पडले, कुणीतरी सांगितलं म्हणून पडले. आण्णांनी सांगितलं, मग त्या लोकांनी. आज मला कुणी सांगितलेलं न्हाय. म्या जोर लावती, तू लाव. पाड मला."

शीतलनं माझ्याकडं पाहिलं. तिनं का पाहिलं, परवानगीसाठी की मदतीसाठी, मला माहीत नाही.

ती पुन्हा रेणूवर वाकली. यावेळी उजव्या बाजूनं. रेणू खरंच लढली. एका हातानं, मानेनं, पायांनी. टाचा रुतवून तिनं शीतलला दोनदा हलवलं, एकदा जवळजवळ उलटवलं. शीतलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती सोडत नव्हती. मग हळूहळू रेणूचा एक खांदा मातीला लागला आणि नंतर दुसरा. शीतलनं छाती टेकवून तिला तसंच धरलं. जेवढा वेळ धरायचं तेवढा धरलं, मग बाजूला होऊन गुडघ्यांवर बसली.

रेणू पत्र्याकडं बघत उताणी पडली होती. केसांत माती, पापण्यांवर माती. तिची छाती वरखाली होत होती.

"दुखतंय का लई?" शीतलनं विचारलं आणि तिला उठवायला हात पुढं केला.

"व्हय," रेणू म्हणाली. "थांब जरा. उठवू नकोस मला."